पाप सांगा, गोष्ट राहू द्या

पापनिवेदन म्हणजे कॅथलिक माणसाने धर्मगुरूपुढे आपली पापे सांगून देवाची क्षमा मागणे. त्याविषयी आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “पंधरा वर्षांनी पापनिवेदनाला गेलो. पूर्वी एका फादरांनी ‘थोडक्यात सांगा’ म्हटले होते, या वेळच्या फादरांनी उलट तीन-चार प्रश्न विचारले. नेमके किती सांगायचे असते? शरीराशी संबंधित पापांविषयी बोलताना तर जीभच उचलत नाही. घरी आल्यावर आठवले की एक मोठी गोष्ट सांगायची राहून गेली. पूर्ण सांगितले नाही म्हणजे क्षमा मिळालीच नाही का?”

या शेवटच्या वाक्याने तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून त्याचे उत्तर आधी. क्षमा मिळाली आहे. विसरलेले पाप आणि लपवलेले पाप यांत चर्च फार मोठा फरक करते. तुम्ही विसरलात, लपवले नाही. राहिलेल्या गोष्टीचे काय करायचे ते शेवटी सांगतो. तोवर निश्चिंत मनाने वाचा.

मी धर्मगुरू आहे आणि बरीच वर्षे पापनिवेदने ऐकत आलो आहे. खाली येणारी उदाहरणे मी स्वतः रचलेली आहेत. कुणाच्याही पापनिवेदनातले एक अक्षरही, अगदी नाव गाळूनसुद्धा, इथे येणार नाही. माझ्या स्वतःच्या पापनिवेदनाबद्दल बोलायला मात्र मी मोकळा आहे, आणि एके ठिकाणी बोलणार आहे.

चर्चची अपेक्षा काय आहे, ते ट्रेंटच्या धर्मसभेने (ट्रेंट गावी भरलेल्या बिशपांच्या सभेने) २५ नोव्हेंबर १५५१ रोजी मांडले आणि १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, ९८८ व्या कलमातही तेच आहे. बाप्तिस्म्यानंतर घडलेली, अजून पापनिवेदनात न सांगितलेली आणि नीट आत्मपरीक्षण केल्यावर आठवणारी सर्व मोठी पापे त्यांचा प्रकार आणि संख्या यांसह सांगायची. लहान पापे सांगणे चांगले, पण ते बंधनकारक नाही. पाप मोठे ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असणे, आणि तरीही ती मनापासून, स्वेच्छेने करणे. तिन्हींपैकी एक नसेल तर ते पाप त्या अर्थाने मोठे नाही. ‘आठवणारी’ हा शब्दही नीट लक्षात ठेवा. चर्च तुमच्याकडून तुमच्या स्मरणशक्तीपलीकडचे काही मागत नाही.

म्हणजे मोजमाप दोनच शब्दांचे आहे, प्रकार आणि संख्या. गोंधळ होतो तो या दोन शब्दांचा अर्थ न कळल्यामुळे.

प्रकार म्हणजे पापाचे खरे नाव. “मी पवित्रतेविरुद्ध वागलो”, “मी शेजाऱ्यावर प्रेम केले नाही”, “माझ्या हातून चुका झाल्या” ही नावे नव्हेत. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दे सेल्स यांनी १६०९ मध्ये साध्या संसारी माणसांसाठी लिहिताना याचबद्दल सावध केले होते. मी देवावर पुरेसे प्रेम केले नाही, मी पुरेशी प्रार्थना केली नाही, असली वाक्ये पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस आणि स्वर्गातला प्रत्येक संतही म्हणू शकेल. त्यातून धर्मगुरूला तुमच्याविषयी काहीच कळत नाही. त्यापेक्षा ती भावना नेमकी कशावरून आली ते शोधा, असे ते म्हणतात. शेजाऱ्यावर प्रेम केले नाही म्हणजे काय केले? मदत मागायला आलेल्या गरजू माणसाला, देण्याची ऐपत असताना, हाकलून दिले का? मग ते सांगा. वाक्य तेवढेच लांब राहते, पण आता ते तुमचे स्वतःचे होते.

संख्येबद्दल लोक उगाच घाबरतात. आकडा माहीत असेल तर सांगायचा: एकदा, तीनदा. माहीत नसेल तर अंदाज: “साधारण दोन वर्षे, आठवड्यातून एकदा तरी.” तेवढ्याने अट पूर्ण होते. नंतर नेमका आकडा थोडा वेगळा होता असे लक्षात आले तरी पुन्हा जायची गरज नाही. प्रामाणिक अंदाजात तोही आला. खूप वर्षांनी येणाऱ्याने मागचे पापनिवेदन केव्हा झाले ते सुरुवातीला सांगावे आणि सरळ म्हणावे, “फादर, कशी सुरुवात करू कळत नाही, मला विचारा.” हे वाक्य ऐकून कोणताही भला धर्मगुरू नाराज होत नाही.

आता परिस्थिती, म्हणजे तपशिलाचा खरा प्रश्न. ट्रेंटने म्हटले की पापाचा प्रकारच बदलून टाकणारी परिस्थिती सांगायला हवी. इथे ‘प्रकार बदलणारी’ या शब्दांवर सगळा भार आहे. परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी संबंध ठेवला, तर दोघांपैकी कुणी विवाहित आहे का, हे सांगावे लागते. कारण तसे असेल तर ते केवळ संयमाविरुद्धचे पाप राहत नाही, लग्नाच्या वचनाचा भंग आणि तिसऱ्या माणसावरचा अन्यायही त्यात येतो. खोटे बोललो हे एक, शपथेवर खोटे बोललो हे दुसरे. दुसऱ्यात देवालाच खोट्याचा साक्षी केलेले असते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मारले आणि स्वतःच्या आईला मारले, यांतही तसाच फरक आहे. चोरी कुठली केली? देवळातल्या पवित्र वस्तूची असेल तर तसे सांगा. पण ती सकाळी केली की संध्याकाळी, खिडकीतून गेलात की दारातून, तेव्हा पाऊस पडत होता का, याने चोरी चोरीच राहते. हे सांगायला नको.

रक्कम मात्र सांगावी, निदान अंदाजाने. एक पेन उचलणे आणि दोन महिन्यांच्या पगाराएवढा पैसा लांबवणे यांत गांभीर्याचा फरक आहे. शिवाय धर्मगुरूला तुम्हाला परतफेडीबद्दल सांगायचे असते. चोरलेले परत करणे, बिघडवलेले नाव दुरुस्त करणे, हा पश्चात्तापाचाच भाग आहे. तपशील लागतो तो अशाच कामांसाठी. धर्मगुरू तिथे न्यायाधीशही असतो आणि वैद्यही. ट्रेंटच्या धर्मसभेने संत जेरोम यांच्या म्हणण्याचा आधार घेतला तो यासाठीच: रोग्याला वैद्यापुढे जखम उघडी करायची लाज वाटली, तर वैद्याला न कळलेल्या जखमेवर औषध चालत नाही. जखम दाखवायची आहे. ती कशी झाली याचा पूर्ण इतिहास वैद्याला लागेलच असे नाही.

आणि इथे मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. कमी बोलणाऱ्याला आपण लपवतो आहोत हे बहुतेक वेळा आतून माहीत असते. फार बोलणाऱ्याला ते माहीत नसते. लांबलचक हकिगतीच्या मागे पाप जितके छान लपते तितके मौनातही लपत नाही.

मी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका सहाध्यायाशी माझे बिनसले होते. पापनिवेदनाला गेलो आणि दहा मिनिटे बोललो: तो कसा वागला, आधी काय म्हणाला, मग मी काय म्हणालो, वरिष्ठांकडे मी का गेलो, त्यांना मी त्याच्याबद्दल जे सांगितले ते कोणत्या मनःस्थितीत सांगितले. समोरचे वृद्ध फादर शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “यात तुझे पाप कोणते?” मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. शेवटी म्हणालो, “मी त्याच्यावर खोटा आळ घेतला.” त्या दहा मिनिटांत मी सगळे सांगितले होते, फक्त ‘खोटा’ हा शब्द सोडून. आणि पापाचा प्रकार ठरवणारा शब्द नेमका तोच होता. कुणाचा खरा दोष कारण नसताना चारचौघांत उघड करणे हे एक पाप. नसलेला दोष चिकटवणे हे त्याहून वेगळे, आणि त्यात आपले शब्द मागे घेण्याचे बंधन येते. फादरांनी मला वरिष्ठांकडे परत पाठवले, सत्य सांगायला. पापनिवेदनापेक्षा ते अवघड गेले. पण माझी हकिगत ऐकून त्यांनी नुसती मान डोलावली असती, तर माझ्या मित्रावरचा डाग तसाच राहिला असता.

तेव्हापासून मी एक कसोटी वापरतो, स्वतःसाठीही. बोलताना वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहायचे. “माझे सासरे असे बोलले, मग नवऱ्याने तसे केले, ऑफिसात ताण होता, त्यात मुलगा ऐकत नव्हता” या चार वाक्यांत पापनिवेदन करणारी बाई कुठेच नाही. “मी रागाच्या भरात मुलाला जखम होईपर्यंत मारले, दोनदा” या वाक्यात ती आहे. ताणाबद्दल बोलूच नये असे नाही. एका वाक्यात ते जरूर सांगा. जाणीव आणि स्वेच्छा किती होती हे धर्मगुरूला त्यावरून समजते, तुमचा दोष खरोखरच कमीही असू शकतो. पण आधी कर्ता ‘मी’, क्रियापद स्पष्ट, मग कारण. क्रम उलटा झाला की निवेदनाचा बचाव होतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त या दृष्टीने पुन्हा वाचा. वडिलांच्या मालमत्तेतला वाटा परदेशात उधळून मुलगा परत येताना वाक्ये ठरवून येतो: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. घरी पोहोचल्यावर त्यातले शेवटचे वाक्य बोलायलाही वडील सवड देत नाहीत, ते चाकरांना झगा आणायला पाठवतात. ‘वेश्यांवर पैसा उधळला’ हा तपशील त्या गोष्टीत येतो, पण तो येतो थोरल्या भावाच्या तोंडून. घराबाहेर संतापून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून. मला हे फार बोलके वाटते. अर्थात दृष्टान्त म्हणजे कायद्याचे कलम नव्हे आणि पापनिवेदनाच्या संस्कारात पापाचे नाव घ्यावेच लागते. पण तपशिलाची भूक तिथे बापाला नाही.

आता ज्या विषयावर तुमची जीभ अडखळते तो. शरीरसंबंधी पापांत लागते ते इतकेच: कृती कोणती (विचार मुद्दाम घोळवणे, अश्लील चित्रफिती पाहणे, हस्तमैथुन, दुसऱ्या व्यक्तीशी संबंध), एकट्याने की कुणासोबत, तुम्ही किंवा ती व्यक्ती विवाहित आहे का, जवळचे नाते आहे का, बळजबरी होती का, आणि किती वेळा. वर्णन नको. काय पाहिले, काय घातले होते, कसे घडले, यातले काहीही नको. “मी विवाहित आहे. दुसऱ्या एका विवाहित स्त्रीशी गेले सहा महिने, महिन्यातून साधारण दोनदा शरीरसंबंध ठेवला. आता तो संपवला आहे.” हे पूर्ण पापनिवेदन आहे. ‘संपवला आहे’ हे तीन सेकंदांचे वाक्य बाकीच्या कुठल्याही तपशिलापेक्षा मोलाचे, कारण पुन्हा न करण्याचा निश्चय असल्याशिवाय पापमुक्ती, म्हणजे धर्मगुरूने देवाच्या नावाने द्यायची क्षमा, देता येत नाही. जुन्या कामवासनेची आठवण तपशिलात जागवली तर कित्येकदा तीच पुन्हा मोहात टाकते. म्हणूनही इथे जितके कोरडे बोलाल तितके बरे.

त्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव कधीही सांगू नका. विचारले तरीही नाही. अठराव्या शतकात पोर्तुगालमध्ये काही धर्मगुरू पापातल्या भागीदाराचे नाव काढून घेत, नाही सांगितले तर पापमुक्ती देणार नाही म्हणत. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ मध्ये या प्रथेचा कडक निषेध केला. आजच्या कॅनन कायद्याचे ९७९ वे कलमही धर्मगुरूला सांगते की प्रश्न शहाणपणाने आणि विवेकाने, समोरच्याचे वय आणि परिस्थिती पाहून विचारावेत, आणि भागीदाराचे नाव विचारू नये. तुमच्या पापनिवेदनात दुसऱ्या कुणाची बदनामी व्हायला जागाच नको. “एक नातेवाईक”, “कामावरचा एक माणूस” एवढे पुरे. नाते पापाचा प्रकार बदलत असेल तर नाते सांगा, नाव नको.

त्यावरूनच तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर निघते. या वेळच्या फादरांनी प्रश्न विचारले ते बहुधा एवढ्याचसाठी की तुम्ही पंधरा वर्षांनी आलात आणि प्रकार किंवा संख्या त्यांना नीट कळली नसावी. ‘थोडक्यात सांगा’ म्हणणारे फादरही चुकीचे नव्हते. तेव्हा कदाचित तुम्ही गोष्ट सांगत होता. प्रश्न उपयोगाचा आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. “किती वेळा?”, “पैसे परत केलेत का?”, “आता ते थांबले आहे का?” हे वैद्याचे प्रश्न. केवळ कुतूहल शमवणारा, शरीराच्या वर्णनात शिरणारा प्रश्न आला, तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. “फादर, हे सांगणे गरजेचे आहे असे मला वाटत नाही” म्हणा, हवे तर उठून दुसऱ्या धर्मगुरूकडे जा. आणि पापनिवेदनाच्या निमित्ताने कुणी धर्मगुरू तुम्हालाच पापाकडे ओढू पाहत असेल, तर तो चर्चच्या कायद्यात गंभीर गुन्हा आहे, बिशपांना कळवा. गोपनीयतेचे बंधन धर्मगुरूवर आहे, तुमच्यावर नाही.

एक गोष्ट विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लहानपणी किंवा नंतर कुणी तुमच्यावर अत्याचार केला असेल, तर ते तुमचे पाप नाही. ते पाप म्हणून सांगायचे नाही, त्याचा प्रकार आणि संख्या मोजत बसायचे नाही. अनेक माणसे दुसऱ्याच्या गुन्ह्याचे ओझे आपले समजून गुडघे टेकतात. मन हलके करायला धर्मगुरूला सांगावेसे वाटले तर सांगा, पण लक्षात ठेवा की पापनिवेदनात ऐकलेले तो बाहेर कुणालाच सांगू शकत नाही, पोलिसांनाही नाही. म्हणून मदत हवी असेल तर हीच गोष्ट त्या खोलीबाहेर, विश्वासाच्या माणसाला, समुपदेशकाला किंवा कायद्याच्या यंत्रणेला नक्की सांगा.

उलट टोकाला काही जणांना कितीही सांगितले तरी अपुरेच वाटते. घरी जाताना वाटते, शब्द बरोबर निवडला नाही, फादरांना नीट ऐकू गेले नसेल, संख्या चुकली. हा प्रामाणिकपणा नव्हे, हा एक आजार आहे आणि मोठमोठ्या माणसांना झाला आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये स्पेनमधल्या मोन्त्सेरातच्या मठात सगळ्या आयुष्याचे लेखी पापनिवेदन केले. त्याला तीन दिवस लागले. त्यानंतर मानरेसा गावी राहताना त्यांना वाटू लागले की काहीतरी राहिले आहे. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका. आत्महत्येचे विचार येण्यापर्यंत पाळी गेली. त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितले की एखादी गोष्ट अगदी स्पष्ट असेल तरच जुने सांगा. उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियसना सगळेच अगदी स्पष्ट वाटत होते! अखेर जुन्या पापांतले काहीही पुन्हा सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले, आणि तिथे त्यांची सुटका झाली. तुमची अवस्था अशी असेल तर एकच धर्मगुरू धरा, दर वेळी नवा शोधू नका, आणि तो “हे पुन्हा सांगायचे नाही” म्हणाला तर ऐका. अशा माणसासाठी तपशिलाचे बंधन सैल होते. चर्चची शिकवण तशी मुभा देते. शंका रोजचे जगणे अडवू लागली असेल तर डॉक्टरांकडे जायलाही संकोच करू नका.

बंधन सैल होण्याचे आणखीही प्रसंग आहेत. हॉस्पिटलच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर ऐकू जाईल अशी भीती असते, माणूस बोलण्याच्या अवस्थेत नसतो, भाषा येत नसते. जमेल तेवढे, एखादे पाप सांगितले, खूण केली, तरी पापमुक्ती खरी. दुभाषा घ्यायची परवानगी आहे आणि गुपित पाळण्याचे बंधन त्याच्यावरही येते. अडचण संपल्यावर उरलेली मोठी पापे पुढच्या पापनिवेदनात सांगायची.

तयारीबद्दल थोडेसे. कागदावर लिहून आणायला हरकत नाही, नंतर तो फाडून टाका. तुमच्या मागे रांग असेल आणि तुम्हाला संसारातल्या गुंतागुंतीवर सल्ला हवा असेल, तर पापे सांगून पापमुक्ती घ्या आणि सल्ल्यासाठी वेगळी वेळ मागा. दोन्ही एकत्र केले की गोष्ट लांबते आणि पाप मधेच कुठेतरी हरवते.

आता तुमची राहिलेली गोष्ट. बाकीच्या पापांबरोबर तिचीही क्षमा झाली, त्यामुळे या रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला काहीच अडचण नाही. उद्या सकाळीच धावत जायला नको. पुढच्या वेळी जाल तेव्हा, नेहमीच्या पापांच्या आधी, एवढेच म्हणा: “फादर, मागच्या वेळी एक पाप सांगायला विसरलो होतो.” मग त्याचे नाव, किती वेळा, आणि बस. का विसरलात हे सांगत बसू नका.